रुळावरच्या गप्पा : इंजिन नाही, घोडा डब्यात आणि स्लेटच्या वॅगन सुसाट

मागच्या अंकात माथेरानच्या गाडीबद्दल लिहिताना वेल्समधल्या फेस्टिनिऑग रेल्वेचं नाव ओझरतं घेतलं, म्हटलं दोन फुटी गेजची (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) खरी आजी ती आहे. त्या एका वाक्यावर एवढे प्रश्न आले की बाकी सगळं बाजूला ठेवून यावेळी फक्त तिचीच उत्तरं देतोय. ज्यांनी नाशिकरोड-पुणे लाइन कधी होणार असं विचारलंय त्यांनी मला माफ करा, ते रेल्वेमंत्र्यांनाही विचारून बघा.

प्रश्न : काका, माझा पुतण्या म्हणतो की या रेल्वेत आधी इंजिनच नव्हतं आणि घोडे गाडीत बसून प्रवास करायचे. पोरगं फेकतंय की खरंय? (पंचवटी)

खरंय हो, पोराला शंभर रुपये द्या. झालं असं की उत्तर वेल्समध्ये ब्लायनाय फेस्टिनिऑग नावाचं डोंगरातलं गाव आहे, तिथे स्लेटच्या खाणी. स्लेट म्हणजे आपल्या शाळेतल्या पाटीचा दगड, तिकडे तो छपरावर घालतात, आपल्याकडे मंगलोरी कौलं घालतात तसा. खाणी वर डोंगरात आणि समुद्र खाली, पोर्थमाडोग बंदर साधारण २१ किलोमीटरवर. आधी काय करायचे तर खेचरं-घोड्यांवर आणि गाड्यांतून माल खाली नदीकाठी आणायचा, तिथून छोट्या होड्यांत भरायचा, होड्या समुद्राकडे न्यायच्या आणि तिथे पुन्हा मोठ्या जहाजात चढवायचा, आणि स्लेट ही वस्तू अशी की प्रत्येक उचलठेवीला थोडी फुटणारच. खर्च वेगळा, नासाडी वेगळी. त्यात १८३१ ला समुद्रमार्गे जाणाऱ्या स्लेटवरचा कर उठला, मागणी वाढणार हे सगळ्यांना दिसत होतं, आणि १८३२ ला पार्लमेंटचा कायदा होऊन फेस्टिनिऑग रेल्वे कंपनी उभी राहिली. ती कंपनी अजून आहे, जगातली सगळ्यात जुनी चालू रेल्वे कंपनी म्हणून तिचं नाव घेतात. डब्लिनचा हेन्री आर्चर पैसे उभे करण्यात पुढे होता, आणि लाइनची आखणी केली जेम्स स्पूनरने. १८३६ ला गाडी सुरू.

आता गंमत या स्पूनरच्या आखणीत आहे. त्याने डोंगराच्या कडेकडेने, वळणं घेत घेत रूळ असा नेला की खाणीपासून बंदराजवळच्या बांधापर्यंत उतार जवळपास सलग, साधारण ८० ला १, म्हणजे ८० फूट पुढे गेलं की एक फूट खाली. मध्ये कुठे चढ नाही. भरलेल्या वॅगन वरून सोडल्या की आपल्याच वजनाने खाली. घोडे शेवटच्या एका खास वॅगनमध्ये, तिला डँडी म्हणायचे, त्यात गवत खात उभे. खाली पोचले की उतरायचं आणि रिकाम्या वॅगन ओढत वर. एका घोड्यामागे आठेक रिकाम्या. उतरायला दीड तासाच्या आसपास आणि चढायला सहा तासांच्या आसपास, म्हणजे घोड्याची नोकरी काय आरामाची नव्हती, फक्त येताना सीट कन्फर्म होती एवढंच.

आणि शेवटचा मैलभराचा समुद्रातला बांध आहे ना, कॉब म्हणतात त्याला, विल्यम मॅडॉक्सने १८११ ला पुरा केलेला, तो सपाट. तिथे उताराची जादू संपते, म्हणून तिथे सुरुवातीपासून घोडे लावायचे.

प्रश्न : आमच्या घरात तीन पिढ्या रेल्वेत. कसारा घाटात मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लावल्याशिवाय गाडी वर येत नाही आणि उतरताना ब्रेकची काळजी किती घेतात ते आम्ही जवळून बघितलंय. तिथे इंजिनाशिवाय एवढी गाडी उतरवायचे म्हणजे ब्रेकचं काय? आणि आपल्या घाटात असं का नाही केलं? (इगतपुरी)

तुमच्यासारख्यांचे प्रश्न आले की लिहायला मजा येते. आधी ब्रेक. काही वॅगनना हाताचे ब्रेक असायचे, सगळ्यांना नाही, आणि ब्रेक्समन लोक चालत्या गाडीत स्लेटच्या थप्प्यांवरून एका वॅगनवरून दुसरीवर जात ब्रेक आवळायचे किंवा सैल करायचे. वेल्समधला पाऊस, ओली स्लेट पायाखाली, रात्र असेल तर अंधार. पुढे वाफेच्या काळात अशा उतरत्या गाड्या साठ-ऐंशी वॅगनच्या, कधी त्याहूनही मोठ्या असायच्या आणि वॅगनमध्ये साधारण दोन-दोन टन माल, आता तुम्हीच वजनाचा हिशोब करा. अपघात झाले, माणसं गेली, पण पद्धत इतकी सोयीची होती की १९३९ पर्यंत चालू होती, म्हणजे इंजिनं आल्यावरही पाऊणशे वर्षं!

आता कसारा. आपला थळ घाट १८६५ ला उघडला, आणि योगायोग बघा, फेस्टिनिऑगवर अधिकृत पॅसेंजर गाडी सुरू झाली तीही १८६५ ला. पण आपला उतार ३७ ला १. त्या उतारावर इंजिनाशिवाय भरलेली गाडी सोडली तर ती उतरणार नाही, ती पळणार, आणि हातब्रेकवाल्याच्या बापालाही ऐकणार नाही. स्पूनरने ८० ला १ घेतला तो निव्वळ खाली येणाऱ्या स्लेटसाठी नाही, वर जाणाऱ्या घोड्यासाठीही, जास्त तीव्र केला असता तर वॅगन मस्त उतरल्या असत्या पण घोड्याने आठ रिकाम्या वर नेल्या नसत्या.

आणि दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे माल एकाच बाजूचा होता. खाली जड, वर हलकं. घाटातून मुंबईकडे कापूस जायचा तसं मुंबईहून कापड, लोखंड, सगळं वर यायचं, मग उताराचा फायदा एकीकडे आणि तोटा दुसरीकडे. फेस्टिनिऑगमध्ये निसर्गाने माल वर ठेवला आणि जहाज खाली, स्पूनरने फक्त ते नीट ओळखलं. तिच्याबद्दल वाचताना लोक इंजिनांच्या प्रेमात पडतात, माझ्या मते तिथली सगळ्यात भारी वस्तू तो उतार आहे आणि तिला ना चाकं ना शिट्टी.

प्रश्न : मनमाडला मीटरगेज होतं तेव्हा एका गाडीतला माल दुसऱ्या गाडीत टाकायची हमाली लहानपणी बघितलीय. मग मुद्दाम एवढा अरुंद गेज का घेतला? पैसे नव्हते का? (मनमाड)

पैसे कमी होतेच, पण नुसतं तेवढं नाही. खाणीत आधीपासून छोटे रूळ आणि माणसांनी किंवा घोड्याने ढकलायच्या छोट्या गाड्या होत्या, त्याच मापाच्या जवळपास हाही गेज घेतला, दोन फुटाला अर्धा इंच कमी, ५९७ मिलिमीटर. खाणीच्या तोंडाशी वॅगन भरली की तीच वॅगन थेट जहाजाच्या धक्क्यावर, मध्ये कुठे हात लावायचा नाही. फुटणाऱ्या मालाला यापेक्षा काय पाहिजे. शिवाय अरुंद गेजला वळणं आवळून घेता येतात, आणि उतार सलग ठेवायचा तर डोंगराच्या प्रत्येक घडीत शिरून बाहेर पडावं लागतं. रुंद गेज घेतला असता तर पूल आणि बोगदेच बांधत बसले असते. सुरुवातीला एके ठिकाणी डोंगर आडवा आला तिथे वॅगन चढवायला-उतरवायला तिरके उतरंडीचे रूळ केले होते, १८४२ ला तिथे सातशे यार्डाच्या वरचा मोएलविन बोगदा झाला आणि मग सलग उतार खऱ्या अर्थाने पुरा झाला.

तुमच्या हमालीचा मुद्दा मात्र बरोबर आहे आणि तोच पुढे नडला. १८७९ आणि १८८३ ला दोन मोठ्या कंपन्यांचे स्टँडर्ड गेजचे, म्हणजे तिकडच्या नेहमीच्या रुंद मापाचे, रूळ थेट ब्लायनायला पोचले. माल इंग्लंडमध्ये रेल्वेनेच जाणार असेल तर आधी छोट्या गाडीतून खाली आणून मिनफोर्ड स्टेशनला मोठ्या गाडीत भरायचा कशाला, असं व्यापारी म्हणणारच ना. मनमाडला मीटरगेज उखडून ब्रॉडगेज टाकताना हाच हिशोब होता.

प्रश्न : सर, मी डिप्लोमा मेकॅनिकलला आहे. दोन बाजूंना तोंड असलेलं एक इंजिन या लाइनवर होतं असं व्हिडिओत बघितलं, ते कसं चालायचं? आणि आपल्या भारतात याचा काही परिणाम झाला का? (नाशिकरोड)

मित्रा, आधी हे डोक्यात ठेव की या लाइनवर इंजिन आलं ते माल खाली आणायला नाही, रिकाम्या वॅगन वर न्यायला. खाणी वाढल्या, १८४२ ला जर्मनीतलं हॅम्बुर्ग शहर जळालं आणि नव्या घरांना वेल्सची स्लेट लागली, मागणी वाढतच गेली, आणि घोडे पुरेनात. जेम्सचा मुलगा चार्ल्स स्पूनर तेव्हा कारभार बघत होता. १८६३ ला जॉर्ज इंग्लंड कंपनीची छोटी वाफेची इंजिनं आली. एवढ्या अरुंद रुळावर वाफ चालणारच नाही असं मोठेमोठे इंजिनिअर सांगत होते. त्यातलं 'प्रिन्स' नावाचं इंजिन अजून गाड्या ओढतं, हे वाचून आमच्या बाइकची लाज वाटते.

तीही पुरेनात तेव्हा रॉबर्ट फेअरलीचं दोन तोंडी इंजिन आलं, १८६९ ला, नाव 'लिटल वंडर'. बॉयलर एकच लांब, मध्ये भट्टी आणि ड्रायव्हरची जागा, दोन्ही टोकांना धुराडी. खाली चाकांच्या दोन बोगी (बोगी म्हणजे इथे डबा नाही, चाकांची वळणारी चौकट), दोन्हींना स्वतःचे सिलेंडर आणि दोन्ही बोगी वळणावर आपापल्या वळतात. म्हणजे बघ, इंजिनाचं सगळं वजन ओढणाऱ्या चाकांवर पडतं, एकही चाक फुकट फिरत नाही, आणि लांब असूनही आवळ वळणात अडकत नाही. अडचण कुठे, तर वळणाऱ्या बोगीपर्यंत वाफ न्यायची म्हणजे पाइपला हलणारे सांधे आले, ते गळतात. तुमच्या सरांना विचार, आजही हलता सांधा म्हटलं की डोकेदुखीच.

१८७० च्या फेब्रुवारीत चाचण्या झाल्या, रशियातून काउंट बोब्रिन्स्की वगैरे मंडळी बघायला आली, फेअरलीची इंजिनं पुढे रशिया-मेक्सिकोपर्यंत गेली. फेअरलीने फेस्टिनिऑगला आपलं पेटंट फुकटात वापरू दिलं, कारण शोरूम म्हणून याहून चांगली जागा मिळणार कुठे!

भारतात बघ, दोन फुटी गेजवर डोंगर चढता येतो हे एकदा सिद्ध झाल्यावर दार्जिलिंगची लाइन १८८१ ला पुरी झाली, फ्रँकलिन प्रेस्टेजची. माथेरान १९०७, पीरभॉय घराण्याच्या पैशातून, आणि तिथे तर उतार २० ला १. बार्शी लाइट रेल्वे १८९७ ची, एव्हरार्ड कॅलथ्रॉपने केलेली, ती अडीच फुटी. तिथे त्याने प्रत्येक आसावर पाच टनाच्या वर वजन जाऊच द्यायचं नाही असा नियम धरला, मग हलके रूळ चालले आणि खर्च वाचला. आपल्या नाशिकलाही मेनरोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत घोड्यांची ट्राम होती हे तुझ्या आजोबांना विचार, त्यांच्या वडिलांनी तरी नक्की बघितली असेल. सगळंच फेस्टिनिऑगमुळे झालं असं मी म्हणणार नाही, तसं लिहिणारे बरेच आहेत, पण रेल्वे म्हणजे रुंदच पाहिजे ही भीती तिने घालवली एवढं नक्की.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका. आयुष्यभर पाटी-पेन्सिल हाताळली पण ती खाणीतून कशी निघते ते कधी वाचलं नाही. रेल्वेबरोबर त्या कामगारांबद्दलही लिहा ना. (सिन्नर)

बाई, बरं झालं विचारलंत, या विषयावर लिहिणारे बहुतेक लोक इंजिनाच्या चाकात अडकतात आणि खाणीत उतरतच नाहीत.

ब्लायनायला स्लेट जमिनीखाली, आणि थर तिरका, त्यामुळे आत प्रचंड मोठ्या खोल्या कोरत जायचं, मध्ये दगडाच्याच भिंती आधाराला सोडायच्या. तिथली ओकली खाण जगातली सगळ्यात मोठी भूमिगत स्लेट खाण समजली जायची. खडकवाला माणूस उंचावर मांडीला साखळीचा वेढा घालून लटकत काम करायचा, उजेड मेणबत्तीचा, आणि मेणबत्ती, दोर, सुरुंगाची दारू याचे पैसे त्याच्याच कमाईतून कापले जायचे. पगार ठरायचा महिन्याच्या बोलीवर. खाणीचा माणूस येऊन दगड बघायचा, ही जागा चांगली म्हणून भाव कमी, ती वाईट म्हणून भाव जास्त, आणि तो माणूस खुशीत आहे का नाही यावर तुमच्या घरची चूल. हे आपल्याकडच्या लोकांना वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

वर शेडमध्ये फोडणारा बसायचा. मांडीला टेकवून दगडाचा ठोकळा उभा धरायचा, रुंद पातळ छिन्नी बरोबर कडेवर ठेवायची आणि लाकडी हातोड्याने हलका ठोका, छिन्नी जराशी हलवली की दगड वहीच्या पानासारखा सुटतो. आधी मधोमध दोन, मग प्रत्येकाचे पुन्हा दोन, असं अर्धं अर्धं करत जायचं, कडेने पातळ सोलायला गेलं की तुकडा मोडलाच. ताजा दगड चांगला फुटतो, वाळला की हट्टी होतो. मग कडा छाटून मापात आणायच्या आणि मापांना नावं कशी तर डचेस, काउंटेस, लेडी! डचेस २४ बाय १२ इंच, काउंटेस २० बाय १०, लेडी १६ बाय ८. सरदारणींची नावं देऊन गरीब माणूस दिवसभर त्यांना छाटत बसायचा, कोणी ठेवली असतील ती नावं त्याला विनोदबुद्धी होती.

आणि वाया किती जायचं म्हणता, एक टन विकाऊ स्लेटमागे दहा टनाच्या आसपास कचरा. गावावर आजही त्या करड्या ढिगांचे डोंगर उभे आहेत. जेवणाच्या सुट्टीत एका खोपटात, कॅबान म्हणतात त्याला, चहा आणि त्याबरोबर वाद, कविता, गाणी, बायबलवर चर्चा असं सगळं चालायचं, ते वाचलं की आपल्या गिरणगावातल्या मंडळांची आठवण होते. पण धुळीने छातीचे विकार झाले ते झालेच, सिलिकोसिसच्या भरपाईचा कायदा व्हायला १९७९ उजाडलं.

१८९८ ला वेल्सच्या स्लेटचा कळस, १७,००० माणसं आणि वर्षाला ४,८५,००० टन माल. मग शेजारच्या पेनरिन खाणीत १९०० ते १९०३ असा तीन वर्षांचा संप झाला, त्यात छपरासाठी स्वस्त कौलं आली, बाहेरची स्लेट आली, आणि धंदा बसला तो परत त्या उंचीवर गेलाच नाही. २०२१ ला या सगळ्या स्लेटच्या मुलखाला युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्यात ही रेल्वेही आली.

आपल्या पाट्या मात्र वेल्सच्या असायची गरज नव्हती बरं का. आंध्रातलं मार्कापूर शाळेच्या पाट्यांसाठी प्रसिद्ध, आणि छपराची स्लेट बघायची तर धरमशालाजवळच्या गावांत जा, तिथली जुनी घरं कांगड्याच्या स्लेटनेच शाकारलेली आहेत.

प्रश्न : मग लाइन बंद का झाली आणि परत कशी सुरू झाली? आपली विदर्भातली शकुंतला, ती छोटी गाडी, तशी सुरू होईल का? (देवळाली कॅम्प)

पॅसेंजर १९३९ ला थांबली, युद्ध लागलं म्हणून. स्लेटच्या गाड्या १९४६ ला थांबल्या. आणि इथे कायद्याने मजा केली. १८३२ च्या कायद्यात लाइन बंद करायची सोयच नव्हती, त्यामुळे रूळ उखडून भंगारात विकता येईना! सगळं जागच्या जागी गंजत राहिलं, रुळांमध्ये झाडं उगवली, आणि त्यामुळेच ती वाचली. नीट विचार करून केलेला कायदा असता तर आज तिथे पायवाट असती.

१९५१ ला जवळची टॅलीलिन रेल्वे, तीही स्लेटचीच, स्वयंसेवकांनी चालवायला घेतली, जगात पहिल्यांदा. त्याच वर्षी फेस्टिनिऑगसाठी एका सतरा वर्षांच्या पोराने ब्रिस्टलला सभा बोलावली. १९५४ ला अॅलन पेग्लर यांनी कंपनी ताब्यात घेतली, शेअर ट्रस्टकडे दिले, आणि १९५५ ला बांधावरून पुन्हा गाडी निघाली. पण वरच्या बाजूला वीज मंडळाने पाण्याचा मोठा तलाव केला आणि जुना रूळ पाण्याखाली गेला. कोर्टकचेरी १९७२ पर्यंत चालली. लोक तेवढ्यात थांबले नाहीत, सुट्टीच्या दिवशी फावडी घेऊन नवीन वाट खणायला लागले, १९६५ पासून. आता प्रश्न तोच, उतार! नवीन वाट तलावाच्या वरून न्यायची तर उंची गाठायची कुठून, म्हणून एके ठिकाणी रूळ गोल फिरवून स्वतःच्याच डोक्यावरून नेला, ब्रिटनमधला असा एकमेव रेल्वेचा वेढा. नवा बोगदा कॉर्नवॉलच्या खाणवाल्यांना हाताशी धरून पाडला. १९८२ ला गाडी परत ब्लायनायला पोचली.

शकुंतलेचं विचारता, तर यवतमाळ-मुर्तिजापूर-अचलपूर ही लाइन एवढी लांब आहे की स्वयंसेवकांच्या फावड्यांचं ते काम नाही. आणि खरं सांगू का, तिथल्या लोकांना म्युझियम नकोय, त्यांना वेळेवर पोचणारी गाडी पाहिजे आणि त्यात काही चूक नाही. तुकडा जपता येईल, वीस-पंचवीस किलोमीटर, एक इंजिन चालू ठेवून, आणि त्यासाठी पैशाआधी शनिवार-रविवार येऊन नट आवळणारी पन्नास माणसं लागतील. ती आहेत का ते आधी बघा, सह्यांची मोहीम नंतर.

प्रश्न : मुलगी मँचेस्टरला असते, जूनमध्ये जातोय. एका दिवसात ही गाडी होईल का? (गंगापूर रोड)

होईल, पण सकाळी लवकर निघा. ट्रेनने लँडिड्नो जंक्शनला जायचं, तिथून ब्लायनायची छोटी लाइन, आणि ब्लायनायला मोठी गाडी आणि छोटी गाडी एकाच स्टेशनवर मिळतात. तिथून खाली पोर्थमाडोगला या, म्हणजे स्लेट उतरायची त्याच दिशेने. मध्ये डिआल्टला तो गोल वेढा येतो तेव्हा खिडकीशी बसा आणि फोन आधीच चार्ज करून ठेवा. वेळ उरला तर ब्लायनायलाच लेखवेध खाण आत जाऊन बघता येते. तिकीट ऑनलाइन आधी काढा, वेळापत्रक रोज सारखं नसतं, आणि जून असला तरी रेनकोट न्या, त्या गावात पाऊस इगतपुरीवाल्यांना लाजवेल असा पडतो.